लाकूड न पाहिलेली

मामाच्या मते जगातल्या सगळ्या भरवशाच्या गोष्टी तपकिरी असतात. चामड्याचे बूट, पॉलिश केलेलं काउंटर, नीट भाजलेला पाव आणि लाकडी पिंपात मुरलेली दारू. पांढऱ्यावर त्याचा विश्वास नव्हता. पांढरं म्हणजे एकतर कुणी अजून हात न लावलेलं, नाहीतर काहीतरी लपवायला धुतलेलं. या सिद्धांतावर त्यानं एका रेस्टॉरंटचा बार एकतीस वर्षं चालवला, आणि कबूल करायला हवं, की चांगला चालवला.

बार तसा लहान होता. अकरा स्टुलं, एक लांब काउंटर, मागं आरसा आणि आरशासमोर फळ्या. सगळ्यात वरच्या फळीवर मामाच्या लाडक्या बाटल्या मानकऱ्यांसारख्या बसलेल्या. पांढरी टकीला सगळ्यात खाली, सिंकशेजारी, मिठाच्या बरणीला खेटून. तिला तिथं बसवलंय हे तिलाही पटलं असावं, इतकी निमूट.

माणूस म्हणून मामाचा ताळेबंद मांडायचा तर जमेची बाजू भक्कम होती. एकदा आलेला चेहरा तो विसरत नसे. कितीही चढलेल्या गिऱ्हाइकाला त्यानं कधी हात धरून बाहेर काढलं नाही. बोलत बोलत तो त्याला फुटपाथपर्यंत न्यायचा, आणि त्या माणसाला वाटायचं की आपणच निघालो. नावे बाजूला किरकोळ कलमं होती: घोरणं, हट्ट, दुसऱ्याचं कौतुक ऐकताना येणारा खोकला. पण एक कलम मोठं होतं. ज्याच्यावर आपली माया आहे त्याला काही विचारायची गरज नसते, असं त्याला मनापासून वाटायचं.

त्या महिन्याच्या शेवटी मामा निवृत्त होणार होता. मन तयार नव्हतं, पण गुडघ्यांनी परस्पर राजीनामा दिला होता.

त्याच्या हाताखाली चार वर्षं त्याच्या थोरल्या बहिणीची मुलगी होती. तिला सगळेच भाची म्हणायचे. स्वयंपाकी, वेटर, तिच्या दुप्पट वयाची गिऱ्हाइकं, भाजी पोचवणारासुद्धा. पहिलं वर्ष तिनं फक्त ग्लास पुसले, दुसऱ्या वर्षी बर्फ फोडला, तिसऱ्या वर्षी मामानं तिला ओतू दिलं आणि चौथ्या वर्षी त्याला न विचारता बोलू दिलं. काउंटर आपल्याला मिळावं एवढी एकच गोष्ट तिला हवी होती. ती ते कुणाला बोलली नव्हती, पण संध्याकाळी दिवे लावताना ती काउंटरवरून ज्या पद्धतीनं हात फिरवायची, त्यात सगळं आलं.

अडचण एका मिशीवाल्याची होती. तो मोठ्या हॉटेलातला बारवाला. मिशीची टोकं मेण लावून वर वळवलेली, आणि ग्लासात पुदिन्याचं पान ठेवायला खिशात चिमटा. मालकीणबाईंनी त्याला दोनदा बोलावलं होतं. दुसऱ्या खेपेला तो स्वतःची टेप घेऊन आला आणि काउंटरचं माप घेऊन गेला.

"माप कशाला घेतलं असेल?" भाचीनं विचारलं.

"शवपेटी करत असेल माझी," मामा म्हणाला.

मालकीणबाई नवऱ्याच्या पश्चात सोळा वर्षं हे रेस्टॉरंट एकट्या चालवत होत्या. घाईत कधी हो म्हणायच्या नाहीत, आणि नाही म्हणायलाही वेळ घ्यायच्या. भाचीनं बारची नवी यादी लिहून त्यांच्यापुढं ठेवली, तेव्हा त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"अगं, ही पांढरी टकीला सगळ्यात वर कशाला? ती तर मीठ चाटून, लिंबू चावून, डोळे मिटून घशात ओतायची असते."

"डोळे मिटून का, बाई?"

"वाईट लागते म्हणून!"

"मग वाईट आणायचीच कशाला? चांगली मिळते की. लेबलवर लिहिलेलं असतं, निव्वळ अगावेच्या झाडाची. आपण आणतो तिच्यात निम्मी साखरेची दारू असते."

बाईंनी यादी घडी करून पर्समध्ये ठेवली. "शुक्रवारी चार वाजता. मी असेन, तुम्ही सगळे असाल, आणि भाऊजींना बोलावते. माझ्यासारखीला कळेल असं समजावून सांग. पटलं तर पहिल्या तारखेपासून काउंटर तुझं. नाही पटलं तर शनिवारी मी त्या मिशीवाल्याला हो म्हणणार. उगाच कुणाला टांगून ठेवायची नाही, तुलाही नाही आणि त्यालाही नाही."

भाऊजी म्हणजे बाईंचे धाकटे दीर. पस्तीस वर्षं चहाच्या लिलाव कंपनीत चहा चाखायची नोकरी केलेला माणूस. टकीला त्यांनी जन्मात चाखली नव्हती, पण चमचाभर चहा तोंडात घेऊन तो डोंगराच्या कुठल्या उतारावरचा, हे ते सांगत. घरात त्यांच्या जिभेचा धाक होता. बायकोनं म्हणे त्यांना पस्तीस वर्षांत एकदाही स्वतः चहा करून दिला नाही.

बुधवारी भाचीनं तालीम केली. प्रेक्षक एकच, मामा. तिनं तीन बाटल्या मांडून त्याच्यापुढं चांगल्या पांढरीचा छोटा ग्लास ठेवला आणि बोलायला तोंड उघडलं, तोवर मामानं तो एका दमात रिकामा करून तोंड वाकडं केलं होतं.

"अरे मामा! घोट घ्यायचा. औषध आहे का ते?"

"औषध बरं. निदान डॉक्टरला शिव्या देता येतात." त्यानं घसा खाकरला. "हे बघ, तू बोलशील ते बरोबरच असेल. पण बाईंच्या जिभेला कोण समजावणार? जाळत गेली की त्या तुझं एक अक्षर ऐकणार नाहीत. तिसरी बाटली आधी दे. मुरलेली. ती दिली की माणूस पाघळतो."

"मग पांढरीचं काय सांगू? माणूस पाघळल्यावर?"

"नको सांगूस. काढून टाक यादीतून."

"मामा, तीच तर यादी आहे."

मामा गप्प बसला. मामा गप्प बसला म्हणजे पटलं असं समजायची चूक त्याच्या घरातल्या सगळ्यांनी एकेकदा केलेली होती.

शुक्रवारी सकाळी भाचीनं एकसारख्या तीन साध्या काचेच्या बाटल्या धुऊन, वाळवून घेतल्या. लेबल बघून कुणी मत बनवू नये म्हणून. एकीत पांढरी, दुसरीत विसावलेली, तिसरीत मुरलेली. तिकडच्या भाषेतली नावं ब्लांको, रेपोसादो, अन्येहो; बाईंच्या तोंडी बसावीत म्हणून तिनं ती अशी मराठी करून घेतली होती. तिन्ही हुंगून बघितल्या, बुचं लावली, वर स्वच्छ फडकं टाकलं, आणि कपडे बदलायला दोन गल्ल्या पलीकडच्या आपल्या खोलीवर गेली.

आणि मामा उठला.

गेल्या वर्षी एक विक्रेता एक बाटली दाखवायला आला होता. दिसायला पाण्यासारखी, चवीला मऊ मुलायम. विक्रेत्यानं गुपित सांगितलं होतं: ही मुरलेलीच, फक्त कोळशातून गाळून हिचा रंग काढलाय. मामा तेव्हा खूश झाला होता. तपकिरी आत्मा आणि पांढरे कपडे, आणखी काय हवं? आता त्याला ते आठवलं. पोरीचा हट्ट पांढरीचा, बाईंची जीभ मऊची. दोघींचं समाधान होईल, मिशीवाल्याचं माप वाया जाईल, आणि कुणाला कळणारही नाही. स्वयंपाकघरात पिण्याचं पाणी गाळायचा जग होता, त्यात कोळशाची कांडी होती. वरच्या फळीवरची सर्वात लाडकी, तीन वर्षं मुरलेली बाटली त्यानं स्वतःच्या हातानं उघडली. हा त्याग होता. तो कमी लेखायचं कारण नाही.

पहिल्यांदा गाळली तेव्हा चहासारखी होती ती उसाच्या रसासारखी झाली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. स्वयंपाकी कांदा चिरत होता. त्यानं मान वर केली.

"मामा, पाणी गाळताय?"

"हो."

"पिवळं पाणी?"

"नळ गंजलाय."

"वास बरा येतोय गंजाला."

"तू कांद्याकडं बघ."

नऊ वेळा गाळून झाल्यावर रंग उरला तो एवढाच, की पांढरा शर्ट चार धुण्यांनंतर जेवढा पांढरा राहतो. मामानं बारमधला पिवळा दिवा लावून बघितलं. दिव्याखाली काही कळत नव्हतं. मग त्यानं भाचीची पांढरी तिच्या मूळ बाटलीत परत ओतली, थेंब न सांडता, कारण पांढरी झाली तरी सांडणं त्याच्या हाताला माहीत नव्हतं, आणि ती बाटली टेबलक्लॉथच्या कपाटात मागं सरकवली. गाळलेली रिकाम्या बाटलीत भरली. बूच. फडकं. हात धुऊन तो स्टुलावर असा बसला, जणू एकतीस वर्षं तिथून हललाच नाही.

चार वाजता सगळे जमले. मालकीणबाई मधल्या स्टुलावर, पर्स मांडीवर. शेजारी भाऊजी, हडकुळे, नाक मात्र दोन माणसांना पुरेल असं. पलीकडं स्वयंपाकी आणि तीन वेटर. मामा टोकाला.

"थुंकायला काही?" भाऊजींनी बसल्या बसल्या विचारलं. "आमच्यात गिळत नाहीत. दिवसाला दोनशे कप गिळले असते तर मी आज इथं नसतो."

भाचीनं बर्फाची बादली रिकामी करून त्यांच्या पायाशी ठेवली. मग काउंटरमागं जाऊन ती बोलू लागली.

"घायपात सगळ्यांनी पाहिलंय ना? कुंपणाला असतं ते, टोकदार पानांचं. त्याच्या कुळातलं एक निळसर झाड असतं, अगावे. ते शेतात सहा-सात वर्षं उभं राहतं, कधी आठ. मग पानं छाटायची आणि मधला गड्डा काढायचा. दिसायला अवाढव्य अननस, पण एका माणसाला उचलता येईल याची खात्री नाही. तो भट्टीत शिजवायचा, गोड होईपर्यंत. पिळायचा, रस आंबवायचा आणि भट्टीवर दोनदा चढवून अर्क काढायचा. त्या अर्कात पाणी घालून बेताची केली, की झाली पांढरी. तशीच बाटलीत भरली, किंवा जेमतेम दोन महिन्यांच्या आत भरली, की ती पांढरीच. दोन महिन्यांच्या वर वर्षभरापर्यंत ओकच्या लाकडात ठेवली, की विसावलेली. वर्षाच्या पुढं गेली, की मुरलेली."

"म्हणजे पांढरी ती कच्ची," बाई म्हणाल्या.

"असंच वाटतं, बाई. पण गहू, जव यांची दारू करतात ना, ते पीक काही महिन्यांत हाताशी येतं. म्हणून त्या दारूला पिंपात ठेवून वय द्यावं लागतं. हे झाड शेतातच सात वर्षांचं होऊन आलेलं असतं. पांढरीत त्या झाडाचं वय असतं. पिंपातली वर्षं त्याच्यावर चढतात. कधी शोभतात, कधी झाड झाकून टाकतात."

"आणि झाड वाईट असेल तर?" भाऊजींनी विचारलं.

"तर पिंप उपयोगी पडतं, काका. पांढरीला मात्र काही लपवता येत नाही."

स्वयंपाक्याचा चेहरा उजळला. "म्हणजे माशासारखं! ताजा असला की नुसता तव्यावर टाकायचा. कालचा असला की मी सॉसमध्ये देतो."

बाईंनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

"म्हणजे दिला असता," स्वयंपाकी म्हणाला. "कालचा असता तर."

भाचीनं पांढरीची बाटली उचलली आणि दिव्याखाली सगळ्यांच्या ग्लासात दोन दोन घोट ओतली. ती बाटलीकडं बघत नव्हती, चेहऱ्यांकडं बघत होती. नवख्या माणसाची ही नेहमीची चूक.

"आता यात काय मिळणार नाही ते आधी सांगते," ती म्हणाली. "व्हॅनिला नाही. करपवलेल्या साखरेचा वास नाही. ते सगळं लाकूड देतं, आणि हिनं लाकूड पाहिलेलंच नाही. इथं शिजलेल्या गड्ड्याचा गोडवा मिळेल, मागून मिरी, ओलं गवत, थोडी लिंबाची साल."

भाऊजींनी ग्लास तोंडाला लावून असा काही सुर्रकन आवाज काढला, की एक वेटर दचकला. त्यांनी घोट गालात फिरवला, डोळे अर्धवट मिटले, वाकले आणि बादलीत थुंकले. मग रुमालानं ओठ टिपले.

"वहिनी, मुलगी हुशार आहे. बोलली पण छान. फक्त तिनं जे जे मिळणार नाही म्हणून सांगितलं, तेवढंच यात आहे."

काउंटरमागं भाचीचा हात हवेतच राहिला.

पण मालकीणबाईंनी तोवर एक घोट घेतला होता, आणि दुसराही. त्यांच्या कपाळावरची आठी उलगडली होती. "काय हो भाऊजी, उगाच. मला तर छान लागली. अजिबात जाळत नाही. मऊ आहे गं! पांढरी अशी असते होय? मी इतकी वर्षं उगाच घाबरत होते."

"वहिनी, लाकूड आहे यात."

"तुमची जीभ चहाची. हे वेगळं असेल." त्यांनी तिसरा घोट घेतला आणि पर्स मांडीवरून उचलून काउंटरवर ठेवली. बाईंना ओळखणाऱ्यांना माहीत होतं, पर्स खाली ठेवली की निर्णय झाला. "मला पटलं. ही असेल तर सगळ्यात वर ठेव बाई खुशाल."

टोकाच्या स्टुलावर मामाच्या चेहऱ्यावर एक निरागस आनंद पसरला. नऊ वेळा गाळल्याचं चीज झालं होतं.

भाचीनं स्वतःचा ग्लास उचलला. पाहुण्यांच्या आधी चाखायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, म्हणून आत्तापर्यंत तो तसाच होता. तिनं हुंगला. मग एक थेंबभर जिभेवर घेतलं. आणि तिला कळलं, अगदी कुठली ते कळलं. चार वर्षं रोज जी बाटली पुसून वरच्या फळीवर ठेवली, तिचा वास कुठल्याही कपड्यात तिला ओळखू आला असता.

क्षणभर ती तशीच उभी राहिली. त्या क्षणात काय काय होतं ते आपण मोजू शकतो. पर्स काउंटरवर होती. पहिली तारीख नऊ दिवसांवर होती. मिशीवाला शनिवारची वाट बघत होता. भाऊजींचं म्हणणं बाईंनी झटकून टाकलं होतं. तिनं फक्त हसून दुसरी बाटली उघडायची होती. बस्स.

"बाई," ती म्हणाली, "काका बरोबर आहेत. ही माझी पांढरी नाही."

"म्हणजे?"

"ही मुरलेली आहे. तीन वर्षांची. कोळशातून गाळलीय, त्यामुळं रंग गेला, लाकूड राहिलं. तुम्हाला आवडली ती हीच."

"मग तुझी कुठाय?"

"माहीत नाही."

"कुणी केलं हे?"

भाचीनं टोकाच्या स्टुलाकडं बघितलं नाही. न बघायला किती जोर लागतो ते तिच्या मानेवरून दिसत होतं. "बाटल्या मी भरल्या, ठेवून मी गेले, ओततानाही बघितलं नाही. चूक माझी."

स्वयंपाकी हळूच म्हणाला, "गंजलेला नळ..." आणि जीभ चावली.

बाईंचा हात पर्सकडं गेला. मामानं ते पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यानं किती हात किती खिशांकडं जाताना पाहिले होते, पण असा घाबरला नव्हता. तो उठला. गुडघे कुरकुरले.

"मी केलं."

"मामा?" बाई म्हणाल्या.

"मी केलं, बाई. पाणी गाळायच्या जगातून. नऊ वेळा." आकडा सांगताना त्याच्या आवाजात कुठंतरी अभिमान होता, तो त्यानं घाईनं गिळला. "तिची तुम्हाला आवडणार नाही असं वाटलं. आणि तो मिशीवाला इथं उभा राहील, माझ्या जागेवर, चिमटा घेऊन. मला ते बघवलं नसतं."

"मामा, एकतीस वर्षांत तुम्ही एका गिऱ्हाइकाला एक सांगून दुसरं दिलं नाहीत."

"ते गिऱ्हाईक असायचं हो, बाई. ही भाची आहे."

"तुला मी विचारलं होतं?" भाची आता बोलली, आणि सगळ्यांसमोर बोलली. "चार वर्षं तू मला शिकवलंस, ग्लासाला डाग दिसला तर ग्लास परत दे, डाग लपवू नकोस. आणि माझ्यावरच फडकं टाकलंस? मी हरले असते तर माझी हरले असते रे, मामा."

मामा टेबलक्लॉथच्या कपाटाकडं गेला, दोन्ही हात आत घालून बाटली काढली आणि तिच्यापुढं ठेवली. "सांडली नाही," एवढंच म्हणाला.

भाचीनं दोन्ही हातांनी डोळे पुसले, नाक ओढलं, आणि चार ग्लासांची ओळ लावली. रागात माणसाचा हात स्थिर होतो हे बारमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

"आता बरं झालं," ती म्हणाली. "आता चार आहेत. पहिली माझी पांढरी. दुसरी मामाची, पांढऱ्या कपड्यांतली. तिसरी विसावलेली, चौथी मुरलेली. बाई, पहिलीचा अगदी छोटा घोट घ्या. लगेच गिळू नका. गिळल्यावर नाकानं श्वास सोडा."

बाईंनी घोट घेतला आणि त्यांचं तोंड लिंबू चावल्यासारखं झालं.

"रागावते गं ही."

"पहिल्यांदा रागावते. दुसरा घ्या."

दुसरा घेऊन बाई थांबल्या. नाकानं श्वास सोडला. "मिरी," त्या म्हणाल्या. "आणि हे काय आहे... भाजलेल्या रताळ्याची साल?"

"गड्डा. शिजवलेला गड्डा."

भाऊजींनी सुर्रकन घोट ओढला, गालात फिरवला, बादलीकडं वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मग सरळ झाले. बादलीत काही पडलं नव्हतं.

"गिळलीत?" बाईंनी विचारलं.

"चुकून," भाऊजी म्हणाले. ग्लासाकडं बघत राहिले. "आमच्याकडं पहिल्या खुडीचा चहा यायचा, वहिनी. नुकताच खुडलेला, फार भाजाभाजी न केलेला. वर्षातून एकदा. त्यात मळा लागायचा जिभेला. बाकी वर्षभर कारखाना लागतो." त्यांनी दुसऱ्या ग्लासाकडं बोट केलं. "हे चांगलं आहे. पण हे सुताराचं काम आहे."

"मला अजून दुसरीच आवडते," बाई म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू?"

भाचीनं मान खाली घातली.

"ती पण यादीत घे. मात्र नीट लिही: मुरलेली, गाळून रंग काढलेली. ज्याला हवी तो घेईल." बाईंनी पर्स काउंटरवरून उचलली, पण मांडीवर ठेवली नाही; आतून घडी केलेली यादी काढली आणि परत तिच्या हातात दिली. "ऐक. या चौघींतलं मला काय कळलं, ते मी उद्या विसरेन. पण तुझी बाटली जिंकत होती आणि तू म्हणालीस, ही माझी नाही. तशी बाई काउंटरवर असली की मला आत बसून डोकावत राहावं लागणार नाही. पहिल्या तारखेपासून. मिशीवाल्याला मी आज संध्याकाळीच कळवते, बिचाऱ्याला शनिवारपर्यंत कशाला ताटकळवू?"

वेटरांनी टाळ्या वाजवल्या. स्वयंपाक्यानं कुणी सांगण्याआधीच विसावलेलीचा ग्लास संपवला होता.

भाची हसत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. "बाई, एक अट आहे."

"अजून हातात आलं नाही तोच अट?"

"मामा आठवड्यातून दोन दुपारी यायला हवा. पांढरीचं मला कळतं. पण मुरलेल्यांत कुठल्या लाकडानं काय दिलं, ते त्याच्याइतकं मला नाही कळत. ते शिकायचं राहिलंय."

सगळ्यांनी मामाकडं बघितलं. मामानं छताकडं बघितलं, जणू तिथं कुणी काही लिहून ठेवलं होतं.

"दोन नाही. एक," तो म्हणाला.

"दोन."

"दुपारी मला झोप येते."

"पाठीची खुर्ची देते."

"आणि ती पांढरी मी विकणार नाही. आधीच सांगतो."

"नको विकूस. नुसती ओत."

यावर काहीतरी तिखट बोलायला मामानं तोंड उघडलं होतं, पण भाऊजींनी रिकामा ग्लास काउंटरवरून त्याच्याकडं सरकवला. "मग ओता," ते म्हणाले. "आणि ती बादली उचला इथून. पायात येते."

मामानं पांढरीची बाटली उचलली. भाऊजींच्या ग्लासात बेतानं दोन घोट ओतले. बूच लावायला हात पुढं केला, थांबला, आणि आणखी एक ग्लास ओढून त्यात थोडी स्वतःसाठी ओतली. आणि या खेपेला त्यानं ती एका दमात संपवली नाही.